कथाप्रधान व्हिडिओ गेम आणि खेळाडूंची मते : 'राजी'च्या निमित्ताने

प्रस्तावना

कादंबरी, नाटक किंवा चित्रपट यांविषयी वाचक-प्रेक्षक जी मते व्यक्त करतात ती अभ्यासाचा विषय होऊ शकतात, हे आता कोणी अमान्य करणार नाही. वाचकांची पत्रे, प्रयोगांना मिळालेला प्रतिसाद, नियतकालिकांतील परीक्षणे यांच्या आधारे वाङ्मयीन अभिरुचीचा इतिहास मांडता येतो. व्हिडिओ गेम मात्र या कक्षेबाहेरच राहिला आहे. महाविद्यालयात त्याची चर्चा निघाली की ती बहुधा वेळेच्या अपव्ययाकडे किंवा पैशाच्या नुकसानीकडे वळते. सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाईल'वर आलेली बंदी आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा, या दोन घटनांनी ही चर्चा अधिकच एकमार्गी केली. तिच्यामागील काळजी खोटी नाही. परंतु तिच्यात सगळे खेळ एकाच पोत्यात भरले जातात आणि ज्या खेळाचा गाभाच कथा आहे त्याचा विचार करावयास जागा उरत नाही.

प्रस्तुत लेखात 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' या पुण्यात तयार झालेल्या खेळाविषयी खेळाडूंनी व्यक्त केलेल्या मतांचा विचार करावयाचा आहे. या मतांत मनमोकळी स्तुती आहे, तक्रारी आहेत आणि 'हे आपले आहे' असा अभिमानही आहे. वरवर पाहता ती परस्परविसंगत वाटतात. राजीचे जग मनापासून आवडले असे सांगणारा खेळाडू त्याच दमात कथा सांगण्याची रीत कंटाळवाणी असल्याचे सांगतो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, कथाप्रधान खेळाविषयीचे मत हे प्रामुख्याने हाताने केलेली कृती आणि कानावर पडलेली कथा यांचा मेळ बसला की नाही, याविषयीचे मत असते. हे सूत्र हाती धरले म्हणजे वरील विसंगती पुष्कळशी उलगडते.

भूमिका घेऊन खेळणे

अद्भुतरम्य कथेत स्वतः पात्र होऊन खेळण्याच्या आधुनिक प्रकाराचा उगम संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-सहा माणसे बसतात. एकजण निवेदक होतो, इतरजण योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेतात. प्रत्येकाच्या पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई कागदावर आकड्यांत लिहिलेली असते आणि कठीण प्रसंगी फाशांचे दान निर्णय देते. पुढे काय होणार हे निवेदकालाही पुरते ठाऊक नसते. निवेदकाची जागा पुढे संगणकाने घेतली आणि खेळाडू ज्याला 'आरपीजी' म्हणतात तो व्हिडिओ गेमचा प्रकार रूढ झाला. पात्राची हळूहळू होणारी वाढ आणि कथेच्या वाटेची खेळाडूने केलेली निवड, या त्याच्या दोन खुणा होत. बेल्जियममधील लारियन या संस्थेचा 'बाल्डर्स गेट ३' हा २०२३ मधील गाजलेला खेळ याच जुन्या नियमांवर उभा आहे.

काटेकोरपणे पाहता 'राजी' या प्रकारात बसत नाही. त्याची गणना साहस आणि लढाई यांच्या खेळात होते. शस्त्रांची शक्ती वाढवता येते. कथेची दिशा बदलता येत नाही. तरीही अनेक खेळाडूंनी त्याला मोठ्या आरपीजी खेळांची किंवा 'गॉड ऑफ वॉर'सारख्या प्रचंड खर्चाच्या खेळांची मोजपट्टी लावली, आणि निराशेचा काही भाग त्या मोजपट्टीतून आला. दीर्घकथा वाचून ती कादंबरी नाही अशी तक्रार करण्यासारखेच हे आहे. मात्र सगळा दोष खेळाडूंच्या माथी मारता येत नाही. शीर्षकातच 'एपिक', म्हणजे महाकाव्य, असा शब्द आहे. महाकाव्याचे नाव घेऊन आलेली कृती एका सुटीच्या दिवसात आटोपली तर वाचकही कुरकुर करील.

अद्भुताची आवड मराठी वाचकाला नवी नाही. १८६१ मधील 'मुक्तामाला'पासून नाथमाधवांच्या 'वीरधवल'पर्यंत ती टिकून होती. पुढे वास्तववादाच्या प्रभावाखाली समीक्षेने या प्रवाहाकडे बालवाचनाचा भाग म्हणून पाहिले. भरताने अद्भुताला रसाचे स्थान दिले व विस्मय हा त्याचा स्थायीभाव मानला, हे आपण वर्गात शिकवतो. परंतु आजचा विद्यार्थी तो विस्मय कोठे अनुभवतो हे सहसा विचारत नाही.

'राजी'ची निर्मिती आणि कथा

'राजी'ची निर्मिती पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने केली. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न झाला. ठरवलेली रक्कम जमली नाही. तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपले घर विकून काम चालू ठेवले. पुढे परदेशातून अनुदान व प्रकाशक मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या गटात त्याला नामांकन मिळाले.

कथा साधी आहे. राजी आणि गोलू ही भावंडे डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करून जगतात. असुर मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो. दुर्गा राजीला निवडते व तिच्या हाती त्रिशूळ येतो. भावाला शोधत ती महाबलासुरापर्यंत पोहोचते. या सगळ्या प्रवासाचे निवेदन दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत करतात. राजस्थानी वाड्या-किल्ल्यांसारखी वास्तुरचना, पहाडी चित्रशैलीची छटा, आणि मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात. पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

मते कशी नोंदली जातात

मतांचा विचार करण्यापूर्वी ती ज्या साच्यात येतात तो साचा पाहणे आवश्यक आहे. संगणकावरील खेळांच्या 'स्टीम' या मोठ्या विक्रीस्थळावर खेळाडूला 'शिफारस करतो' किंवा 'करत नाही' एवढाच कौल देता येतो. त्याखाली हवे तेवढे लिहिता येते. मताशेजारी त्या खेळाडूने खेळ किती तास खेळला आहे हे आपोआप छापले जाते. कादंबरीच्या परीक्षणाखाली परीक्षकाने किती पाने वाचली हे छापण्याची प्रथा असती तर आपल्यापैकी पुष्कळांची पंचाईत झाली असती. शिवाय खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. त्यामुळे लहान खेळाच्या सुरुवातीच्या दोन तासांना अवाजवी महत्त्व येते आणि लांबीविषयीचे मत किंमतीशी बांधले जाते. 'छोटा आहे' या तक्रारीत सौंदर्यविचार किती आणि हिशेब किती, हे वेगळे काढणे म्हणूनच कठीण आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हिशेबाचा वाटा मोठा आहे.

स्तुती आणि तक्रार

'राजी'विषयीच्या मतांत चित्रमयता आणि संगीत यांच्या बाजूने जवळजवळ एकमत आढळते. तक्रारी ठराविक ठिकाणी एकवटतात. लढाईत हालचाल जड वाटते. कॅमेरा खेळाडूच्या ताब्यात नसल्याने उडी मारताना अंतराचा अंदाज चुकतो. निवेदक फार बोलतात. इंग्रजी संवाद कृत्रिम वाटतात. आणि शेवट एकदम येतो.

यांपैकी पहिल्या दोन तक्रारी तांत्रिक म्हणून बाजूला ठेवण्याचा मोह होतो. परंतु कथाप्रधान खेळात तंत्र आणि कथा अशी फारकत करता येत नाही. राजी ही कसरतीत वाढलेली मुलगी आहे, हे कथेचे गृहीतक. भिंतीवरून धावणे, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करणे, या हालचालींतून ते गृहीतक खेळाडूच्या बोटांपर्यंत पोहोचते आणि तेथे खेळाडू खूश असतो. त्याच मुलीची उडी कॅमेऱ्याच्या कोनामुळे फसली की कथेने सांगितलेले तिचे कौशल्य हाताला खोटे वाटू लागते. खेळाडू 'नियंत्रण वाईट आहे' असे लिहितो. साहित्याच्या भाषेत याला पात्राची विसंगती म्हटले असते.

निवेदनाविषयीची तक्रार अधिक उद्बोधक आहे. देवतांचे संवाद खेळाडू चालत असताना, पायऱ्या चढत असताना ऐकू येतात आणि राजीला काय वाटते आहे तेही पुष्कळदा देवताच सांगतात. पात्र खेळाडूच्या हातात, पण त्याचे मन निवेदकाच्या ओठांवर, अशी ही स्थिती आहे. याउलट ज्या कोड्यांत विस्कटलेल्या चित्राचे तुकडे फिरवून राजी-गोलूची जुनी आठवण जुळवायची असते, ती कोडी सोपी असूनही अनेकांच्या लक्षात राहिली. याचे कारण उघड आहे. तेथे आठवण जुळवणारी राजी आणि तुकडे फिरवणारा खेळाडू एकच काम करीत असतात. भिंतींवरील चित्रांजवळ थांबून देवकथा ऐकणेही असेच सुखावह ठरते, कारण थांबण्याचा निर्णय खेळाडूचा असतो.

हा फरक समजण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील प्रतापगडाच्या डोंगरावर महाशिवरात्रीला यात्रा भरते. महादेवाचे स्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा यांमुळे दोन्ही समाजांची माणसे तेथे येतात. यात्रेकरूला स्थळाची कथा बहुधा आधीपासून ठाऊक असते. ती सांगणारा सोबत नसला तरी त्याचे अडत नाही. चढण त्याचे पाय चढतात आणि कथेतील कष्टाचा वाटा त्याच्या अंगावर येतो. त्याच चढणीवर कोणी सतत कानाशी कथा सांगत राहिला तर भाविकही वैतागेल. 'राजी'चे निवेदन ज्यांना खुपले त्यांचा वैताग याच जातीचा आहे. परदेशी खेळाडूला दुर्गा कोण, विष्णू कोण हे सांगावे लागते, म्हणून निवेदक बोलका झाला असावा. आणि जे परदेशी खेळाडूला नवलाचे वाटले तेच भारतीय खेळाडूला पाठ केलेल्या धड्यासारखे वाटले. एकाच कृतीचे दोन वाचकवर्ग असले म्हणजे निवेदकाची अशी ओढाताण होते, हे अनुवादाच्या अभ्यासकांना वेगळे सांगावयास नको.

शेवटाचा प्रश्न

सर्वाधिक तीव्र मते शेवटाविषयी आहेत. कथा एका टोकाला येऊन थबकते आणि पुढे काय, हे सांगत नाही. अपूर्ण शेवट आधुनिक कथेत दोष मानला जात नाही, मग खेळाडू एवढा का चिडतो? त्याने त्या शेवटासाठी श्रम केलेले असतात. वाचकाला शेवटच्या प्रकरणापर्यंत पोहोचण्यासाठी राक्षसाशी झुंजावे लागत नाही आणि हरल्यास मागील पान पुन्हा वाचावे लागत नाही. खेळाडूला लागते. श्रमाने मिळवलेला शेवट हा त्याला आपला हक्क वाटतो.

वाचकांच्या मतामुळे कथा बदलल्याची उदाहरणे छापील साहित्यातही आहेत. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये मारलेल्या शेरलॉक होम्सला १९०३ मध्ये जिवंत परत आणले; वाचकांचा आग्रह हे त्याचे एक कारण होते. व्हिडिओ गेममध्ये हे अंतर कमालीचे आखडले आहे. 'बाल्डर्स गेट ३'चा पहिला भाग ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ तीन वर्षे अपूर्ण स्थितीत खेळाडूंसाठी खुला होता आणि त्यांच्या मतांनुसार त्यात फेरफार होत राहिले. पूर्ण खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. साथीदारांचा निरोप घाईत उरकला अशी तक्रार झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर एक सविस्तर उपसंहार जोडला गेला. अशा कृतीची अधिकृत संहिता कोणती, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकांनी खरे तर उचलावयास हवा. 'राजी'च्या निर्मात्यांजवळ एवढे बळ नव्हते. त्यांनी २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती काढली. कथेचा पुढील भाग, 'राजी : कलियुग', २०२५ मध्ये जाहीर झाला.

आपलेपणाचा हिशेब

भारतीय खेळाडूंच्या मतांत एक धागा वारंवार येतो : दोष आहेत, पण आपल्या लोकांनी केले आहे, म्हणून पाठिंबा द्यावा. ही भावना समजण्यासारखी आहे. घर विकून केलेल्या कामाला तिखट शब्द वापरताना कोणाचीही लेखणी अडखळेल. तरीही मत म्हणून तिचा उपयोग थोडा. मराठी समीक्षेनेही 'नवा लेखक आहे', 'ग्रामीण भागातील आहे' असे म्हणून अनेक पुस्तकांची पाठ थोपटली आणि त्या लेखकांना पुढच्या पुस्तकासाठी काहीच दिले नाही.

या बाबतीत झाडीपट्टीचा प्रेक्षक अधिक निष्ठुर, आणि म्हणून अधिक उपयोगी आहे. धानाची कापणी आटोपली, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत रात्रभर नाटके चालतात. वडसा येथील नाट्यसंस्थांना गावची मंडळे बोलावतात. नट शेजारच्या गावचा असला तरी प्रवेश पडला की प्रेक्षक शेकोटीकडे जातो, आणि ही बातमी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पोहोचलेली असते. दंडारीपासून नाटकापर्यंतचा या रंगभूमीचा प्रवास अशाच रोखठोक मतांवर झाला. 'राजी'लाही ज्यांनी 'शिफारस करत नाही' म्हणून कारणे दिली त्यांचा उपयोग अधिक झाला असावा. सुधारित आवृत्तीत लढाईची हाताळणी बदलली आणि हिंदी आवाज आला, या दोन्ही गोष्टी तक्रारींच्याच यादीतल्या होत्या.

भाषा आणि 'मी'

हिंदी आवाजाच्या मागणीचा मुद्दा येथे थोडा पुढे न्यावासा वाटतो. पुण्यात घडलेला हा खेळ आधी इंग्रजी बोलला, दोन वर्षांनी हिंदी बोलला. मराठी आवाज त्याला मिळाला नाही. बाजारपेठेचे गणित पाहता यात नवल नाही. पण यामुळे मतेही प्रामुख्याने इंग्रजीत नोंदली गेली, आणि इंग्रजीत नोंदलेल्या मतात एक गोष्ट दिसूच शकत नाही.

कादंबरी वाचून झाल्यावर वाचक म्हणतो, 'तो मेला.' नाटकाचा प्रेक्षकही तसेच म्हणतो. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली तीत भाव 'माझा' किंवा 'परक्याचा' असे बंधन गळून पडते आणि म्हणून आस्वाद शक्य होतो. खेळाडू मात्र म्हणतो, 'मी मेलो.' तिसऱ्यांदा मेलो, मग पूल ओलांडला. मोबाईलवर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांचे संभाषण कोणत्याही महाविद्यालयाच्या पायरीवर उभे राहून ऐकावे. हा प्रथमपुरुष तेथे सहज आढळतो. येथे बंधन गळण्याऐवजी घट्ट होते. रसचर्चेला व्हिडिओ गेम अवघड जातो तो या 'मी'पाशी.

मराठीत या 'मी'ला आणखी एक अडचण आहे. इंग्रजीत 'मी पडलो' आणि 'मी पडले' यांत भेद नाही. मराठीत क्रियापद लिंग सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही. राजी मुलगी आहे. तिच्या रूपाने खेळणारा मुलगा कड्यावरून पडला तर तो काय म्हणेल? 'मी पडलो' म्हटले तर राजी नाहीशी होते. 'मी पडले' म्हणण्यास त्याची जीभ धजत नाही. 'ती पडली' म्हटले तर खेळ कादंबरी होतो. बहुतेक मुले बोलता बोलता दोन टोकांमध्ये झोके घेतात : चूक झाली की 'ती पडली', शत्रू मारला की 'मी मारला'. श्रेय स्वतःकडे आणि पडझड पात्राकडे, अशी ही वाटणी आहे. भूमिकेत खेळाडू किती शिरला आहे हे मोजण्यासाठी प्रश्नावलीत पाचपैकी गुण मागण्यापेक्षा त्याला मराठीत पाच मिनिटे खेळ सांगावयास लावून केवळ क्रियापदे टिपावीत. ज्या क्षणी मुलगा नकळत 'मी पडले' म्हणून जातो, किंवा पुरुष योद्ध्याच्या भूमिकेतील मुलगी 'मी मेलो' म्हणते, तेथे हात आणि कथा यांचा मेळ बसलेला असतो. आणि तसे किती वेळा घडते, हे मराठी विभागाला एका तासिकेत पाहता येण्यासारखे आहे.